घरचा माणूस

केकची ऑर्डर वहिनीने आधीच्या आठवड्यात देऊन ठेवली होती, आणि दिलेली ऑर्डर बेकरीवाला मागे घेत नाही. त्यामुळे रविवारी सकाळी केक ठरल्या वेळी घरी आला आणि फ्रिजच्या मधल्या कप्प्यात जाऊन बसला. त्यावर गुलाबी अक्षरांत सर्वांचं अभिनंदन केलेलं होतं. सुरीने 'सर्वांचं' तेवढं खरवडून टाकावं की काय, असं वहिनीच्या मनात येऊन गेलं. मग स्वतःचीच लाज वाटून तिने फ्रिज लावला, आणि सुरी हातात होतीच म्हणून कांदा चिरायला घेतला.

ऑर्डर दिल्यानंतर दोन्ही लिफाफे एकाच दिवशी आले होते. सरकारला तरी बघा, कसं बरोबर जमतं. एका लिफाफ्यात दादा, वहिनी, त्यांचा मुलगा आणि आई अशा चौघांना या देशात कायमचं राहण्याची परवानगी होती. दुसऱ्यात दादाचा धाकटा भाऊ छोट्या, त्याची बायको आणि त्यांची मनी, या तिघांना नकार. महिन्याभरात अपील करा, नाहीतर सामान आवरा. छोट्या हे काही चाळिशी ओलांडलेल्या माणसाचं नाव नव्हे, पण वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते ठेवलं आणि अण्णा गेले, तेव्हा बदलून द्यायला कुणी उरलं नव्हतं.

नकाराचं कारण सोपं होतं. अर्जदार म्हणतो, मी भावाच्या लाँड्रीत इस्त्रीचं काम करतो. पण मागे सरकारी तपासनीस दुकानात आला होता तेव्हा मालकानेच सांगितलं होतं, की हा आमचा कामगार नाही.

आणि तसं सांगितलं होतं हे खरंच. वहिनी तेव्हा गल्ल्यावर बसली होती. छोट्या मागे वाफेच्या इस्त्रीपाशी, घामाने निथळत, खांद्यावर कुणाच्या तरी पँटी. तपासनिसाने विचारलं, हा कोण? दादाने छाती फुगवून सांगितलं, "हा माझा भाऊ. घरचा माणूस. इथे नोकर कुणी नाही." छोट्याने मान डोलावली आणि तपासनिसाला खुर्ची पुसून दिली. घरी जेवताना तो आईला कौतुकाने सांगत होता, "दादाने एकदम तोंडावर सांगितलं त्याला, भाऊ आहे म्हणून."

तेव्हा कुणाच्याच मुक्कामाला धोका नव्हता. छोट्याची बायको, जिला घरात सगळे धाकटी म्हणत, एका वृद्धाश्रमात कामाला होती आणि तिच्या परवान्यावर तिघं राहत होते. मागच्या वर्षी वृद्धाश्रम बंद पडला. म्हाताऱ्यांना दुसरीकडे हलवलं, धाकटीला कुठे हलवायची सोय नव्हती. म्हणून छोट्याने स्वतःच्या कामाच्या जोरावर अर्ज केला, आणि तेव्हा कळलं की त्याने काम केलेलंच नाही.

"वहिनी, मदत करू?" दारातून धाकटीचा आवाज आला.

"नको, झालंच," वहिनी म्हणाली. धाकटी तरीही आत आली आणि ताटं पुसायला लागली. दोघी जावा एरवी स्वयंपाकघरात इतक्या बोलायच्या की दादा खालून ओरडायचा. आज फक्त ताटांचा आवाज होत होता.

ताई जिना चढून आली तेव्हा तिच्या नाकात तो ओळखीचा वास शिरला, साबणाचा आणि गरम कापडाचा. खाली दुकान, वर घर. अण्णांनी ही जागा घेतली तेव्हा ताई मनीएवढी होती. दोन भावांच्या मधली ही बहीण. नर्सिंग शिकली, दुसऱ्या गावी इस्पितळात लागली आणि कुणाचं बोट न धरता स्वतःचा कायमचा परवाना मिळवून बसली. त्यामुळे घरात तिचा शब्द पडू देत नसत. तिला हे माहीत होतं आणि त्याचा तिला थोडा माजही होता.

टेबलाभोवती सगळे बसले होते. दादाचा मुलगा सामन्याला गेला होता, म्हणजे त्याला पाठवलं होतं. छोट्या कागदी रुमालाची घडी घालत होता. नखाने दाबून दाबून त्याने ती अशी केली होती की वाटावं, यानेच बोट कापेल.

"केक आणलाय म्हणे," आई म्हणाली.

"आई, जेव आधी," ताई म्हणाली. मग बसायच्या आतच तिने विषय काढला. तिला पाल्हाळ आवडत नसे. "दादा, मी वकीलीणबाईंशी बोलले. रस्ता एकच आहे. तू शपथेवर लिहून द्यायचं, की छोट्या आल्या दिवसापासून दुकानात राबतोय, आणि तपासनिसाला मी खोटं सांगितलं."

"खोटं काय त्यात? भाऊ नाही का तो माझा?"

"भाऊ आहे. कामगार नाही हे खोटं."

"लिहून दे की रे मग," आई म्हणाली. "एवढं काय त्यात? लेकरासारखा वाढवलास त्याला. आणि माझं जे कायमचं आलंय ना, तेही छोट्याच्या नावावर करा. माझं कायम म्हणजे किती? फार तर दोन उन्हाळे."

"ते साडीसारखं देता येत नाही गं आई," ताई म्हणाली, आणि तेवढ्यापुरतं सगळ्यांना हसू आलं. छोट्यालाही आलं.

दादा मात्र हसला नाही. "बाईंनी पुढचंही सांगितलं असेल ना तुला? ते का गिळलंस? दंड होईल. होऊ दे, दंडाचं मी बघतो. पण मालकाने खोटं सांगितलं म्हणून माझा परवाना काढून घेऊ शकतात. माझा म्हणजे आम्हा चौघांचा."

"घेतील असं नाही म्हणाल्या. कदाचित म्हणाल्या."

"त्या कदाचितवर तुम्ही तुमचा परवाना लावाल का, वन्सं?" वहिनी भाताचं भांडं हातात धरून उभी होती. तिने हे अगदी हळू विचारलं होतं.

ताईला ताडकन हो म्हणायचं होतं. तोंडही उघडलं तिने. पण तिला आपलं घर आठवलं, खिडकीतली झाडं, वॉर्डमधली आपली खुर्ची, आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. वहिनीने ते पाहिलं, आणि तिच्या ताटात भात वाढला.

"चौघांचा म्हणजे माझाही?" आईने विचारलं.

"तुझाही, आई. तू माझ्याच अर्जात आहेस."

"मग ते गुडघ्याचं ऑपरेशन?"

"तेही राहील."

कुणीच आईकडे बघत नव्हतं, तरी तिला सगळे आपल्याकडे बघतायत असं वाटलं असावं. तिने पदर सारखा केला. मग छोट्याकडे वळून ती म्हणाली, "तू तसा अजून तरणा आहेस. हातात कला आहे. तिकडे जाऊन काहीतरी करशीलच तू. तुझ्या बापाने नाही का शून्यातून उभं केलं?"

छोट्याने घडी उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली. आईची बाजू बदलायला एक गुडघा पुरला, असं ताईच्या मनात आलं. मग तिला स्वतःचं उघडं राहिलेलं तोंड आठवलं.

"तिकडे म्हणजे कुठे, आजी?" मनीने विचारलं. सोळा वर्षांची पोर. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. "मी तिकडे कधी राहिलेच नाही. मला चालता येत नव्हतं तेव्हा आणलंत मला."

"अगं, आपलंच आहे ते सगळं," आई म्हणाली.

"तुझं आहे. मग तू जा."

"मने!" छोट्या ओरडला. सकाळपासून तोंडातून निघालेला त्याचा हा पहिला शब्द, आणि तो पोरीवर ओरडण्यात खर्च झाला.

धाकटीने नवऱ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून ती हा माणूस बघत आली होती. दादाने दुकानाची किल्ली त्याच्याकडे दिली तर त्याला राज्य मिळाल्यासारखं वाटायचं. सकाळी दुकान तो उघडायचा, झाडायचा, बॉयलर लावायचा, मग दादा खाली उतरायचा. 'आपलं दुकान' म्हणायचा. वृद्धाश्रमात धाकटीला महिन्याच्या शेवटी पगार मिळे, सुटी मिळे, आजारी पडली तर विचारपूस होई. छोट्याला ताप आला तर दादा स्वतः वर येऊन कपाळाला हात लावायचा, आणि म्हणायचा, "पड तू. दुपारी जमलं तर ये." तो दुपारी जायचा.

तिला दादाचा राग यायचा, पण त्याहून जास्त राग येई तो छोट्याच्या त्या खुशीचा.

"दादा," ती म्हणाली, "मी एक बोलू?"

"बोल की. इथे परकं कोण आहे?"

"तेच तर. परकं असतो तर बरं झालं असतं. तुमच्याकडे तो गल्लीपलीकडचा पोरगा वर्षभर डिलिव्हरीला होता. त्याला चिठ्ठी मिळायची पगाराची. त्याला राहू दिलं इथे."

दादाचा चेहरा लाल झाला. "अण्णा जाताना काय म्हणाले होते? ही ताई साक्षीला आहे. म्हणाले, भावाला भावासारखा वागव. आणि मी त्याला नोकर म्हणून लिहू? त्याच्या सह्या घेऊ पगारावर? जे मी खाल्लं ते त्याने खाल्लं. कधी भाडं मागितलं? मनीच्या शाळेला कधी कमी पडू दिलं?"

"मनीची शाळा माझ्या पगारातून व्हायची, दादा."

कुणाचा तरी चमचा ताटावर वाजला. वहिनी उगाचच पाण्याचे पेले भरायला लागली. ते भरलेलेच होते.

"मी कधी नाही म्हटलं, त्याने मदत केली नाही म्हणून?" दादा म्हणाला. "उलट चार माणसांत सांगतो, छोट्या आहे म्हणून माझं चाललंय."

"चार माणसांत सांगता. पाचव्याने विचारलं तेव्हा नाही सांगितलंत." धाकटीने नवऱ्याचा हात धरला आणि कुणाला कळायच्या आत शर्टाची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत चट्टे होते, काही जुने, पांढरे पडलेले, एक अजून ओला. वाफेच्या नळीपाशी हात गेला की असा चट्टा उठतो. दादाच्या हातावरही असे दोन होते, अण्णांच्या वेळचे. "ही मदत आहे का?"

छोट्याने बाही खाली ओढली. "असू दे गं."

"असू दे, असू दे! त्यानेच वाटोळं झालं आपलं."

"दादा," छोट्या म्हणाला. आवाज इतका साधा होता की सगळ्यांना वाटलं, आता हा मीठ मागणार. "तू लिहून नको देऊस. माझ्यापायी चौघं बुडायला नकोत, आईचा गुडघा राहायला नको. मी वकीलीणबाईंना सांगतो. फक्त एक कर. इथे म्हण. सगळ्यांसमोर. छोट्याने माझ्याकडे नोकरी केली, आणि मी त्याचा पगार दिला नाही."

"इथे म्हणून काय होणार आहे?"

"काही नाही होणार. म्हणूनच म्हण."

दादाला ते म्हणता येईना. खरं सांगायचं तर त्याने प्रयत्न केला. त्याचे ओठ हलले. पण नोकरी म्हटलं की मालक आला, आणि मालक म्हटलं की इतकी वर्षं आपण जो मोठा भाऊ होतो तो कोण होता, हा प्रश्न आला. त्याने आजूबाजूला बघितलं आणि त्याला बायको दिसली.

"मी तुझं नाव घालणारच होतो," तो म्हणाला. "पहिल्याच वर्षी. तुझ्या वहिनीलाच विचार. तीच म्हणाली, की घरच्या माणसाला कशाला..."

वहिनीने हातातलं तांब्याचं भांडं टेबलावर ठेवलं. ती हळू बोलणारी बाई होती आणि आत्ताही हळूच बोलली.

"काय म्हणाले मी?"

"अगं, म्हणजे तेव्हा आपलं असं ठरलं..."

"आपलं काही ठरलं नव्हतं. मी म्हणाले होते, भाऊजींचं नाव घाला, उद्या उपयोगी पडेल. तुम्ही हिशेबनिसाकडे गेलात. त्याने सांगितलं, कामगार दाखवला की त्याचा विमा आला, कर आला, सुट्या आल्या. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, भावाला नोकर कसं लिहू. तोवर तुम्हाला अण्णांचं बोलणं आठवलं नव्हतं. आधी हिशेबनीस बोलला, मग तुम्हाला माया आली."

छोट्या वहिनीकडे बघत होता, जणू तिने त्याच्या मेलेल्या बापाबद्दल काही वाईट सांगितलं असावं. हात भाजले, परवाना गेला, पोरीवर देश सोडायची वेळ आली, ते सगळं त्याने सोसलं होतं. पण 'दादा म्हणाला, हा माझा भाऊ' एवढं एक त्याच्याकडे होतं, तेही आता राहिलं नाही.

"वहिनी," ताई म्हणाली, "मग आता तूच सांग याला. तुझं ऐकेल. लिहून दे म्हणावं."

"नाही सांगणार."

"अगं, आत्ता तर तू..."

"आत्ता मी खरं ते सांगितलं, कारण माझ्या डोक्यावर खापर फोडत होते. पण लिहून देऊ देणार नाही मी. मलाही पोरगा आहे, वन्सं. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा." आणि मग धाकटीकडे न बघता, "तूही म्हण."

वहिनीच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, हे धाकटीला कळत होतं, आणि त्यामुळे तिला धड वहिनीशी भांडताही येईना. हे फार वाईट झालं, असं तिला वाटलं.

मनी उठली. फ्रिज उघडून तिने केक काढला, दोन्ही हातांत धरून आणला आणि मोठ्या काकांसमोर ठेवला. वरची अक्षरं तिने वाचली. मग पेले सरकवून सुरीला जागा केली.

"अभिनंदन, मोठे काका," ती म्हणाली, आणि जिना उतरून निघून गेली.

"कापा तरी," आई म्हणाली. "वितळेल."

सोमवारी दादाला कायमच्या परवान्याच्या कार्डासाठी फोटो काढायला जायचं होतं. या दिवसासाठी त्याने अण्णांच्या वेळचा निळा सूट छोट्याकडे केव्हाच देऊन ठेवला होता. लिफाफे यायच्या आधीच, इतकी त्याची खात्री होती. सकाळी तो खाली उतरला तेव्हा वाटलं होतं, दुकान बंदच असेल. पण शटर वर होतं, फरशी झाडलेली होती आणि बॉयलर नेहमीसारखा धापा टाकत होता. दादाला एकदम बरं वाटलं. रक्ताचं नातं असं तुटत नाही, त्याने स्वतःला सांगितलं. कार्ड एकदा हातात पडू दे. मग वकीलीणबाईंकडे जाऊन बसू, काहीतरी मधला मार्ग काढू. त्याने हे मनापासून ठरवलं. तो अशा गोष्टी नेहमी मनापासूनच ठरवत असे.

छोट्या काउंटरच्या आत उभा होता. सूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हँगरवर टांगलेला, कॉलरला गिऱ्हाइकाच्या कपड्याला लावतात तशी नंबराची चिठ्ठी टाचलेली. कोटाच्या बाहीवर सुरकुती नव्हती. पँटीची धार अशी होती की अण्णांनी बघितली असती तर दोनदा बघितली असती.

"वा रे," दादा म्हणाला आणि हात पुढे केला.

छोट्याने हँगर मागे घेतला. "कोट आणि पँट. दर भिंतीवर लिहिलाय. पैसे माझ्या हातात दे, आणि पावतीवर लिही, काम कुणी केलं."

दादाला आधी वाटलं, गंमत करतोय. तो हसला. "अरे वेड्या, आपल्याच दुकानात पैसे कसले?"

बोलून झाल्यावर ते त्याला ऐकू आलं. गेली कित्येक वर्षं तो हे वाक्य बोलत आला होता; छोट्याने चपला मागितल्या तेव्हा, स्वेटर मागितला तेव्हा, धाकटीच्या आजारपणात हात पसरला तेव्हाही. त्या प्रत्येक वेळी छोट्या हसला होता.

आज तो हसला नाही. त्याने कोट पिशवीतून अर्धा बाहेर काढला आणि मुठीत धरला. चुरगाळायचा होता त्याला, मूठ आवळलीही. पण ते त्याच्या हाताला जमेना. मूठ सैल करून त्याने कोट पुन्हा सारखा केला, खांदे बसवले, आणि न्यायला कुणी आलं नाही असे कपडे जिथे टांगतात त्या मागच्या दांडीला नेऊन अडकवला. मग एप्रन काढला, तोही घडी करून ठेवला, किल्ली त्यावर ठेवली आणि बॉयलर बंद केला.

"छोट्या," दादा म्हणाला. "अरे, ऐक तर."

तो ऐकायला थांबला, दाराशी, पाठमोरा. बराच थांबला. दादाला काही सुचलं नाही, तेव्हा तो गेला.

दादाने मागच्या दांडीवरून सूट काढला आणि तिथेच, बंद इस्त्रीशेजारी उभं राहून घातला. वेळ झाली होती.

सरकारी कचेरीत फोटो काढणारी बाई हसरी होती. तिने त्याला स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्यातून बघितलं आणि जागेवरून उठून त्याच्याजवळ आली. "कॉलरला चिठ्ठी राहिलीय तुमच्या," ती म्हणाली आणि स्वतःच ती टाचणी काढून दिली. "लाँड्रीतून थेट आलात वाटतं. इतकी सुरेख इस्त्री हल्ली बघायला मिळत नाही हो. कोण करतं तुमच्याकडे?"

दादाच्या हातात नंबराची चिठ्ठी होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाई खरंच उत्तराची वाट बघत होती.

"कुणी नाही," दादा म्हणाला. "घरचाच माणूस आहे."

बाईने मान डोलावली, पुन्हा कॅमेऱ्यामागे गेली, आणि त्याला सरळ समोर बघायला सांगितलं.